मराठी कलाव्यवहारात बाईची जागा बदलली म्हणजे नेमके काय बदलले?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळाच्या वार्षिक अंकासाठी मी मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांतील स्त्रियांवर एक लेख लिहीत आहे. कच्चा खर्डा तयार आहे, परंतु तो पुन्हा वाचताना मलाच काहीतरी खटकते आणि नेमके कुठे, हे बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणून या चर्चामंचावर विचारते आहे.

खर्ड्याची मांडणी अशी आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षे आपल्या रंगभूमीवरील सीता, शकुंतला, सुभद्रा आणि सिंधू पुरुषांनीच उभ्या केल्या. बालगंधर्व हा त्या परंपरेचा कळस होता, आणि त्यांचे नेसणे, त्यांचे केस बांधणे पाहून घरोघरच्या स्त्रिया तसे करू लागल्या, म्हणजे बाईने बाईसारखे कसे दिसावे हे एका पुरुषाने शिकवले, असे मी लिहिले आहे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटातल्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही आणि ते काम अण्णा साळुंके यांनी केले, हा दाखला त्याला जोडला आहे. मग १९३३ मधले 'आंधळ्यांची शाळा' येते, ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर येतात, दार उघडते. त्यानंतर विजया मेहता, सई परांजपे, सुमित्रा भावे यांच्यासारख्या दिग्दर्शिका, आणि शेवटी २०२१ चा 'झिम्मा' व २०२३ चा 'बाईपण भारी देवा', ज्यांत साऱ्या मुख्य व्यक्तिरेखा स्त्रियांच्या आहेत आणि चित्रपटगृहे भरवणारा प्रेक्षकही मोठ्या प्रमाणावर स्त्रियांचाच होता.

हे सगळे खरे आहे, तरी ते वाचताना एखाद्या सत्कारसमारंभातील भाषण ऐकल्यासारखे वाटते. 'बाई नव्हती, मग बाई आली, आता बाई सर्वत्र आहे' असा हा चढता जिना आहे, आणि जिना इतका सरळ असेल तर कुठेतरी पायऱ्या गाळल्या असणार, असा मला संशय येतो. बदल कशाने मोजावा, असा माझा प्रश्न आहे. रंगमंचावर किती बायका दिसतात यावरून, कथेत त्या कोण असतात यावरून, की आणखी कशावरून? जाणकारांनी कृपया मोकळेपणाने लिहावे, खर्डा फाडावा लागला तरी हरकत नाही.

जुनी पाने

तुमचा संशय रास्त आहे, आणि गाळलेली पायरी अगदी पहिलीच आहे. 'रंगभूमीवर बाई नव्हती' हे विधान तुम्ही गृहीत धरले आहे आणि आपल्या बहुतेक लेखांत ते तसेच गृहीत धरलेले असते, परंतु ते अर्धेच खरे आहे. ज्या काळात मुलगे शकुंतलेचे काम करत होते त्याच काळात नायकिणी आणि कलावंतिणी गाण्यावर पोट भरत होत्या, आणि केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या, ज्यांत राजा, सेनापती आणि विदूषक ही कामे बायकाच करत. नाट्येतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत या मंडळ्यांना एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाही, म्हणून त्या नव्हत्याच असा आपला समज होतो. बंदी बाईने गाण्यावर किंवा नाचण्यावर नव्हती. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईने लोकांसमोर उभे राहण्यावर ती होती, आणि जी उभी राहील ती घरंदाज नाही असा त्याचा व्यत्यासही होता.

हे एकदा लक्षात घेतले की १९३३ चा अर्थ बदलतो. 'आंधळ्यांची शाळा' करणारी 'नाट्यमन्वंतर' ही शिकलेल्या मंडळींची संस्था होती, तिने इब्सेनच्या वळणाचे गद्यप्रधान, घरगुती नाटक आणले, आणि त्या नाटकातली बाई प्रेक्षागृहात बसलेल्या मध्यमवर्गाला प्रथमच आपल्यातली वाटली. हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भावंडांनी त्याआधीच स्त्रीभूमिका स्त्रियांकडून करवून संगीत नाटके केली होती; परंतु त्या गाणाऱ्या घराण्यातल्या, म्हणून दार त्यांनी उघडले असे म्हणायला आपली लेखणी कचरते. याच हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत 'वंदे मातरम्' गायले, हेही ध्यानात ठेवावे.

चित्रपटाचेही तसेच. तारामतीसाठी फाळक्यांना बाई मिळाली नाही, कारण नाचगाण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनीसुद्धा त्या नव्या धंद्यात यायला नकार दिला, म्हणजे त्यांच्याही दृष्टीने तो खालचा होता. त्याच १९१३ मध्ये 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी पडद्यावर आल्या. अण्णा साळुंक्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, या मायलेकींची नसते, याचे कारण बहुधा एवढेच की पहिली गोष्ट गमतीची आहे. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोके पाडत, ती धूत आणि साऱ्या तांड्याचे जेवणखाणही पाहत. पडद्यावर बाई नसलेला तो पहिला चित्रपट बाईच्या हातांखालून गेलेला आहे. आणि १९१९ च्या 'कालियामर्दन' मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, हे तुमच्या 'पुरुषांनी केलेल्या स्त्रिया' या प्रकरणाला उलटे टोक म्हणून जोडता येईल.

आता मुख्य मुद्दा. हिराबाई पेडणेकर यांनी १९०४ मध्ये 'जयद्रथ विडंबन' लिहिले आणि त्यांचे 'संगीत दामिनी' १९१२ मध्ये केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श' ने रंगमंचावर आणले. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' ला गिरिजाबाई केळकर यांनी १९१३ मध्ये 'पुरुषांचे बंड' लिहून नाटकानेच उत्तर दिले, आणि १९२८ मध्ये त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. ज्या रंगभूमीवर बाईने उभे राहणे अजून रूढ झाले नव्हते, तिच्या संमेलनाच्या अध्यक्षस्थानी बाई बसली होती. म्हणजे बाईचा पाय रंगमंचावर रुळण्याआधी तिची लेखणी तेथे पोहोचली होती. पाय स्थिरावला, लेखणी मात्र मागे पडली, आणि का मागे पडली हे तुमच्या जिन्यात कुठेच बसत नाही.

फडकरी

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु त्यातही नाटक आणि चित्रपट यांच्यापलीकडे कोणी गेलेले नाही, आणि लोकप्रिय संस्कृतीवर लिहायचे तर तमाशा वगळून चालणार नाही. माझे आजोळ तमाशाच्या बुकिंगच्या गावाजवळचे असल्यामुळे गुढीपाडव्याला यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला आलेल्या गावकऱ्यांची गर्दी मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि राहुटीत बसून बोलणी करणारी फडमालकीण, म्हणजे तमाशा मंडळाची मालकीण, हे दृश्य मला कधी नवलाचे वाटले नाही.

तमाशातही आधी नाच्या पोऱ्या होता, म्हणजे लुगडे नेसून नाचणारा मुलगा. पवळा हिवरगावकर ही तमाशात उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते. पठ्ठे बापूराव हे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी ब्राह्मण घर सोडून तमाशा धरला, आणि महार समाजातील पवळेच्या गळ्यातून व पायांतून त्यांच्या लावण्या लोकांपर्यंत गेल्या. 'पठ्ठे बापूरावांची पवळा' असा उल्लेख आपण सहज करतो. 'पवळेचे बापूराव' असे कोणी म्हणत नाही, जरी त्या काळच्या प्रेक्षकांपैकी पुष्कळ जण तिच्याकडे पाहूनच तंबूत शिरत असणार.

लावणी हे तुमच्या प्रश्नासाठी फार चांगले उदाहरण आहे. लावणीत बोलते ती बाई, 'मी' म्हणते ती बाई, रुसते, मागणी घालते, टोमणा मारते ती बाई. परंतु होनाजी बाळा, राम जोशी, परशराम, प्रभाकर आणि पुढे बापूराव हे लिहिणारे सगळे पुरुष. बाईच्या मनातले पुरुषाने लिहायचे आणि बाईने पुरुषांच्या घोळक्यासमोर ते आपले म्हणून सादर करायचे, हा प्रकार दोनशे वर्षे चालला आहे. तरीही एक गोष्ट सादर करणारीच्या हातात उरते, ती म्हणजे अदा. बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकर एकाच ओळीचा अर्थ हावभावांनी इतक्या तऱ्हांनी पालटत की कवीला जे सुचले नसेल तेही त्या ओळीत येई. ते लेखनच होते, कागदावर उतरले नाही एवढेच.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट सगळे सांगतात: प्रयोग चालू असताना कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंतपण उरकले आणि त्या पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट त्यांच्या जिद्दीचे कौतुक म्हणून सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. मला मात्र ती ऐकताना नेहमी वाटते की त्या रात्री खेळ थांबवायची सोय का नव्हती, हे कोणी विचारत नाही. त्यांच्या नावाने शासन तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार देते. स्वतः त्यांचे अखेरचे दिवस पैशाच्या विवंचनेत गेले आणि २००२ मध्ये त्या वारल्या.

दुसऱ्या बाजूला कांताबाई सातारकर होत्या. त्यांनी वगांत, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, शिवाजी महाराजांसह पुरुषभूमिका गाजवल्या आणि स्वतःचा फड चालवला. ट्रक, तंबू, शंभराच्या आसपास माणसांची पोटे, सावकाराची उचल, पावसाने बुडालेली यात्रा हे सगळे सांभाळणाऱ्या बाईला आपण 'कलावंत' म्हणतो, 'उद्योजक' म्हणत नाही. गंमत अशी की याच तमाशाच्या गवळणीत, म्हणजे कृष्ण आणि गौळणींच्या प्रवेशात, मावशीचे काम आजही पुरुषच करतो आणि त्यावर कोणाचा आक्षेप नाही, माझाही नाही.

सुलोचना चव्हाणांचा उल्लेखही लेखात असावा. अंगभर पदर घेऊन, एका जागी उभे राहून त्यांनी लावणी गायली आणि ती मध्यमवर्गाच्या रेडिओपर्यंत नेली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गळ्याला तोड नव्हती याबद्दल वादच नाही. पण लावणीतला आवाज घरात आला आणि नाचणारी मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली, एवढी नोंद त्यांचा आदर राखूनही करता येते.

ओसरी

आपण दोघांनी माझे पहिले प्रकरण मोडीत काढले आहे, त्याबद्दल मनापासून आभार. १९२८ च्या अध्यक्षपदाची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. आता एक उपप्रश्न सुचतो. बालगंधर्वांविषयी मी जे लिहिले आहे, की पुरुषाने बाईला बाईपण शिकवले, त्यात टीकेचा सूर आहे. तो ठेवावा का?

तिसरी घंटा

तो सूर काढून टाकावा, अशी विनंती. मी सत्तरी ओलांडली आहे आणि बालगंधर्वांना ऐकलेल्या लोकांच्या मांडीवर वाढलो आहे, तेव्हा माझ्या म्हणण्यात थोडा पक्षपात असेल, तो वजा करून वाचावे.

बाईला मज्जाव होता हा समाजाचा दोष होता. त्या मज्जावाच्या आत राहून एका नटाने जे निर्माण केले तो दोष नव्हे. 'एकच प्याला' मधल्या बालगंधर्वांच्या सिंधूमुळे दारूड्याच्या बायकोचे दुःख प्रेक्षागृहातल्या पुरुषांना जाणवले, आणि तीच सिंधू त्या वेळच्या खऱ्याखुऱ्या बाईने केली असती तर याच पुरुषांनी तिच्या दुःखाकडे पाहिले असते की तिच्याकडे, याचा विचार व्हावा. देवलांचे 'शारदा' १८९९ चे. कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावण्याविरुद्ध महाराष्ट्राला त्या नाटकाने जेवढे बोलते केले तेवढे फार थोड्या व्याख्यानांनी केले असेल, आणि ती शारदा मुलगाच असे.

तसेच पुरुषाने लिहिलेली बाई ही खोटीच असते, असा जो रोख वरच्या उत्तरांत दिसतो तो मला मान्य नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली बेणारे विजय तेंडुलकरांनी लिहिली आणि सुलभा देशपांडे यांनी उभी केली. तिच्याइतकी जिवंत बाई कितीशा स्त्री लेखकांनी रंगमंचाला दिली? रांगणेकरांच्या 'कुलवधू' मध्ये १९४२ साली चित्रपटात काम करणारी भानुमती नवऱ्याच्या अहंकाराला कंटाळून घराबाहेर पडते, आणि ते काम करणाऱ्या ज्योत्स्नाबाईंना प्रेक्षक डोक्यावर घेतात. लेखक पुरुष होता म्हणून त्या पावलाचे मोल कमी होत नाही.

जुनी पाने

'तिसरी घंटा' यांचा बालगंधर्वांविषयीचा मुद्दा मान्य आहे, आणि टीकेचा सूर काढावा असेच माझेही मत आहे. बेणारेविषयी मात्र एक शंका नोंदवतो. स्त्री लेखकांनी बेणारे दिली नाही, हे खरे धरले तरी त्याचे कारण प्रतिभेत शोधायचे की संधीत? कादंबरी आणि कविता घरच्या टेबलावर एकटीने लिहिता येते. नाटक लिहायला तालमींत बसावे लागते, नटांशी भांडावे लागते, रात्री उशिरा घरी यावे लागते. कथा, कविता आणि आत्मचरित्रे यांत आपल्या स्त्रिया भरभरून लिहीत होत्या त्याच काळात नाटकाचे दालन रिकामे राहिले, हा योगायोग नसावा. जब्बार पटेलांच्या १९८२ च्या 'उंबरठा' मागे शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी आहे, हे किती जणांना आठवते? अलीकडे मनस्विनी लता रवींद्र, इरावती कर्णिक अशी नावे नाट्यलेखनात आणि पटकथेत दिसू लागली आहेत. तुम्ही ज्या दोन चित्रपटांचा उल्लेख केला त्यांचे दिग्दर्शक पुरुष आहेत, परंतु 'झिम्मा' इरावती कर्णिक यांनी आणि 'बाईपण भारी देवा' वैशाली नाईक यांनी लिहिला आहे. त्यांत सहा-सात बायका आहेत यापेक्षा त्या एकमेकींशी जे बोलतात ते एका बाईने लिहिले आहे, ही मला अधिक महत्त्वाची बाब वाटते.

रंगपट

मी गेली अठरा वर्षे व्यावसायिक नाटकांच्या मागच्या बाजूला काम करते, आधी कपडेपट आणि आता प्रकाशयोजना. इतिहासातले मला फार कळत नाही, पण 'बदल कशाने मोजावा' या प्रश्नाचे माझ्याजवळ एक फार गद्य उत्तर आहे: नाटकाच्या बसमध्ये पडद्यामागे काम करणाऱ्या बायका किती आहेत ते मोजावे.

रंगमंचावर चार स्त्रिया आणि तीन पुरुष असलेल्या नाटकाच्या दौऱ्यावर मी गेले आहे, आणि त्या बसमध्ये सेट लावणारे, दिवे टांगणारे, ध्वनी पाहणारे, बुकिंग सांभाळणारे आणि व्यवस्थापक हे सगळे पुरुष, मी एकटी बाई. जाहिरातीत मात्र 'स्त्रियांचे नाटक' असे ठळक अक्षरांत होते. शिडीवर मी चढले तर एखाद्या नव्या नाट्यगृहातला कर्मचारी हमखास 'मॅडम, तुम्ही उतरा, कुणाला तरी पाठवतो' असे म्हणतो. त्याच्या मनात वाईट काही नसते, फक्त शिडीवर बाई त्याने पाहिलेली नसते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी, गावाचे नाव घेत नाही, स्त्रियांच्या रंगपटाला लागून असलेल्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, म्हणून प्रयोगभर आम्ही पाळीपाळीने दाराशी उभ्या राहिलो. नायिकेचा प्रवेश आणि तिची दाराबाहेरची पाळी यांचे गणित मांडण्यात मध्यंतर गेले. याला गाऱ्हाणे समजू नये, पण लेखात स्त्रीमुक्तीचे मोठे शब्द येतील तेव्हा या कडीची आठवण असावी.

एक पक्का दाखला देते, तो तुम्हाला उपयोगी पडेल. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकार म्हणून काम करायचे तर संघटनेचे ओळखपत्र लागते, आणि ते ओळखपत्र अनेक दशके बाईला मिळतच नसे. तिला केशभूषाकार म्हणूनच कार्ड मिळे. चेहरा रंगवायचा तो पुरुषाने. पडद्यावरच्या नायिकेच्या तोंडाला रंग लावण्याचा हक्क दुसऱ्या बाईला मिळावा यासाठी एका रंगभूषाकार स्त्रीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. साल पुन्हा वाचावे. कमलाबाई पडद्यावर आल्या त्याला तेव्हा एक शतक उलटून गेले होते.

पैशाविषयी बोलायला सगळेच लाजतात, म्हणून तेही लिहिते. आमच्याकडे मानधन 'नाइट' वर ठरते, म्हणजे प्रयोगागणिक. नाइट किती हे कोणी कोणाला सांगत नाही, आणि जे सांगितले जात नाही त्यात तफावत लपते. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकावर उपोषण केले ते कराराच्या आणि पैशाच्या वादातूनच, आणि दुसऱ्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींसमोर त्याचा हिशोब मांडला. 'कुंकू' चित्रपटात त्यांनी केलेली बाणेदार नीरा सगळ्यांना आठवते. फाटकावर बसलेली शांता आपटे फारशी कोणाला आठवत नाही.

मंद्र

संगीताची बाजू राहिली आहे, ती थोडक्यात मांडतो.

गाण्यात बाई मागे राहिली असे कोणी म्हणणार नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेली, आणि मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, प्रभा अत्रे यांची नावे घेतल्यावाचून विसाव्या शतकातील ख्यालगायनाचा इतिहास लिहिता येत नाही. तरीही मैफलीतील जागांची वाटणी पाहावी. मध्ये बसून गाणारी बाई असते, मागे तंबोऱ्यावर तिच्या शिष्या असतात, आणि उजव्या-डाव्या बाजूला तबला व पेटी घेऊन पुरुष बसलेले असतात. आबान मिस्त्री यांनी तबल्यात नाव मिळवले, त्यानंतर अनुराधा पाल आल्या, परंतु आजही गायकाच्या साथीला तबल्यावर बाई दिसली तर श्रोते एकमेकांकडे पाहतात. गाणे हे बाईचे मानले गेले होते, लय मात्र पुरुषाची.

किशोरीताई आमोणकरांच्या तापटपणाच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. ग्रीनरूम नीट नाही, श्रोते बोलत आहेत, आयोजक उद्धट आहेत, म्हणून त्या भडकत. आपल्या आईला, मोगूबाईंना, आयोजकांनी कशी वागणूक दिली हे त्यांनी लहानपणी पाहिले होते आणि मुलाखतींतून ते सांगितलेही होते. 'रंगपट' यांच्या त्या कडीची गोष्ट वाचताना मला किशोरीताईंचा राग आठवला; फरक इतकाच की त्यांना राग परवडत होता.

आणि एक नाव, जे लेखात यायलाच हवे: आनंदघन. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांच्या संगीतकाराचे हे नाव. 'साधी माणसं' ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे लोकांना कळले. तोवर त्यांचा आवाज साऱ्या देशाला ठाऊक होता, नाव ठाऊक होते, तरी चाल बांधायला त्यांनी दुसरे नाव घेतले. आपल्या चालींची पारख गायिकेच्या कीर्तीशिवाय व्हावी म्हणून घेतले असेल, अन्य गायक-संगीतकारांशी असलेले संबंध सांभाळण्यासाठी घेतले असेल. मी त्याचा एकच अर्थ लावत नाही. परंतु गाणारी म्हणून बाईला जी जागा सहज मिळत होती ती चाल बांधणारी म्हणून तितकी सहज मिळत नव्हती, हे त्यानंतर मराठी चित्रपटांत किती संगीतकार स्त्रिया आल्या ते मोजले की दिसते.

ओसरी

सगळ्यांची उत्तरे दोनदा वाचली. खर्डा फाडला आहे.

नव्याने लिहिताना कालक्रम सोडून देण्याचा विचार आहे. 'बाई कधी आली' याऐवजी बाईला कोणते काम सहज मिळाले आणि कोणते भांडून किंवा नाव बदलून मिळवावे लागले, अशी वाटणी करते: दिसण्याचे काम, गाण्याचे काम, लिहिण्याचे काम, फड किंवा संस्था चालवण्याचे काम, आणि शिडीवर चढण्याचे काम. तशी मांडणी केली की १९०४ च्या हिराबाई पेडणेकर आणि आजची पटकथालेखिका शेजारी बसतात, आणि विजया मेहतांनी १९६० मध्ये 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी करण्यात घेतलेला वाटा हा दिग्दर्शनाइतकाच संस्था चालवण्याचा भाग ठरतो, जो माझ्या पहिल्या खर्ड्यात एका ओळीत उरकला होता. सुमित्रा भावे यांच्याविषयीही हेच म्हणावे लागेल. समाजशास्त्राच्या संशोधनातून त्या १९८५ मध्ये 'बाई' या लघुपटाकडे वळल्या, म्हणजे चित्रपट करायचा म्हणून विषय शोधला नाही, वस्तीतल्या बायकांचे सांगणे पोहोचवायचे म्हणून चित्रपट शिकून घेतला. 'तिसरी घंटा' यांच्या विनंतीप्रमाणे बालगंधर्वांवरचा टोमणा काढला आहे, तथापि बेणारेच्या बाबतीत मी 'जुनी पाने' यांच्या बाजूने आहे.

'फडकरी', एक विचारायचे होते. पवळेविषयी लिहिताना मी 'पठ्ठे बापूरावांच्या सहकलाकार' असे लिहावे का?

फडकरी

'सहकलाकार' हा नाटक-मालिकांच्या जाहिरातीतला शब्द आहे, तमाशात तो शोभणार नाही. 'पवळा हिवरगावकर, तमाशा कलावंत' असे स्वतंत्र लिहावे आणि बापूरावांचा उल्लेख पुढच्या वाक्यात, त्यांच्या लावण्यांच्या संदर्भात करावा. मात्र हिवरगाव हे संगमनेर तालुक्यातले, हे कंसात नोंदवावे, कारण त्या नावाची आणखीही गावे आहेत.